लदेणी ते लॉरी : लांब पल्ल्याची ट्रकवाहतूक आपल्या तरुणांनी पत्करावी काय?

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासविषयक एखादा लेख असावा, असा संपादक मंडळाचा आग्रह असतो. आणि इतिहासावरील लेख म्हटला की पूर्वजांची थोरवी गाऊन वाचकांस समाधानाने निरोप द्यावा, अशी आम्हां लेखकांची वहिवाट पडून गेली आहे. ती वहिवाट आम्हीही आजवर इमानाने पाळली. यंदा मात्र लेखणी हाती घेताना मनावर एक ओझे आहे, आणि ते उतरविल्यावाचून पूर्वजांचे नाव घेण्याचा धीर होत नाही.

चार वर्षांपूर्वी आपल्या मेळाव्यात बोलताना आम्ही एक वाक्य उच्चारले होते. "वाहतूक ही बंजाऱ्याच्या रक्तातच आहे, आपल्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर जे केले, तेच आपण आज चाकांवर करू," असे ते वाक्य होते. टाळ्या पुष्कळ पडल्या. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत आमच्याच तांड्यातील एक तरुण होता. तो त्या वेळी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात शिकत होता. त्याने पुढे कॉलेज सोडले, घरच्यांनी कर्ज काढून त्याचे मोटार शिकण्याचे पैसे भरले, आणि यथाकाल तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर गेला. चौदा महिन्यांनी एका पहाटे तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. चेहरा ओढलेला, डोळे तांबारलेले. चहा झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही रक्तात आहे म्हणालात. पण त्या वेळी बैल तरी आपले होते ना?"

या प्रश्नास त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हे ते उत्तर होय. आपले पूर्वज नेमका कोणता धंदा करीत होते, तो का बुडाला, आणि आजचा ट्रकचालकाचा पेशा हा त्याच धंद्याचा वारस आहे काय, याचा विचार केल्यावाचून आपल्या मुलांस 'जा' किंवा 'जाऊ नका' असे सांगण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

लदेणीचा काळ

बंजारा, लमाण, लभाण अशा निरनिराळ्या नावांनी ओळखला जाणारा आपला समाज बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ इत्यादी मालाची ने-आण करीत असे. यासच आपण लदेणी म्हणतो. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यापासून आणि 'बंजारा' हा शब्द 'वाणिज्य' यापासून निघाला, असे सांगण्यात येते. ती व्युत्पत्ती भाषापंडितांनी तपासावी. परंतु मीठ आणि व्यापार या दोन गोष्टींशी आपले नाते जुने आहे, हे निर्विवाद होय.

या धंद्याचा व्याप केवढा होता, याची साक्ष परकीय प्रवाशांनी दिली आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला पीटर मंडी हा १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्यास जात असता त्यास धान्याने लादलेला १४,००० बैलांचा एक तांडा वाटेत भेटला. अशा तांड्यात बायकामुलांसह सहा-सातशे माणसे असत, आणि दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक मजल मारली जात नसे, असे त्याने नमूद केले आहे. त्याच शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले असून, असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला म्हणजे तो निघून जाईपर्यंत प्रवाशांस कधी कधी दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे तो सांगतो. आज घाटात तासन् तास अडकून पडणाऱ्यांनी हे वाचून थोडे समाधान मानावयास हरकत नाही!

सैन्यांनाही तांड्यांवाचून गत्यंतर नव्हते. मोगलांच्या दक्षिणेतील स्वारीत भंगी व जंगी या नायकांच्या १,८०,००० बैलांनी रसद पुरविली, ही कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. तो आकडा परंपरेचा आहे, हिशेबाच्या वहीतील नव्हे, हे ध्यानात ठेवून तो घ्यावा. परंतु १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला सेनापती, मराठ्यांविरुद्ध दख्खनेत लढत असता धान्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होता, हे मात्र इतिहासास पुरते ठाऊक आहे. जालना जिल्ह्यातील ज्या असईच्या मैदानावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली, ते गाव समृद्धी महामार्गाच्याच जिल्ह्यात आहे. रस्ते बदलतात, भूमी तीच राहते.

येथवरची हकीकत आम्ही मेळाव्यांतून अनेकदा सांगितली आहे. जी सांगितली नाही, ती आता सांगतो. मंडीने आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होय. हे लोक व्यापाऱ्यांचा माल कधी भाड्याने वाहतात खरे, परंतु बहुतेक वेळा ते स्वतःच व्यापारी असतात. जेथे धान्य स्वस्त तेथे ते खरेदी करतात, जेथे महाग तेथे नेऊन विकतात, आणि परतताना मीठ, साखर, तूप असा फायद्याचा माल भरतात, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. म्हणजेच बैल आपला, माल आपला, भाव ठरविणारा नाईक आपला. नफाही आपला आणि तोटाही आपलाच.

या धंद्याच्या अंगी आणखी दोन गुण होते. पहिला असा की, घरदार तांड्याबरोबर चाले. बाई, मूल, म्हातारे माणूस सर्व एकत्र. दुखणेखुपणे, बाळंतपण, लग्नकार्य सारे मुक्कामावरच. दुसरा असा की, विश्रांती ही धंद्यातच विणलेली होती. बैलास चरावयास वेळ हवा, म्हणून मजल सहा-सात मैलांची. पावसाळ्यात वाटा चिखलात बुडत, म्हणून त्या महिन्यांत तांड्याचा तळ एका जागी पडे. बैलास विसावा मिळे, म्हणून माणसासही मिळे.

परंतु त्या काळाचे चित्र केवळ सोनेरी रंगात रंगविणे सत्यास सोडून होईल. दुष्काळात व गुरांच्या साथीत एका मोसमात शेकडो बैल मरत, आणि बैल मेला म्हणजे भांडवलच मेले. वाटेवर चोरांचे भय असे. सैन्यामागून चालणाऱ्या तांड्यास लढाईची झळ लागे. तरीही तो धंदा आपल्या लोकांनी शतकानुशतके केला, कारण त्यात ते कोणाचे चाकर नव्हते.

धंद्याने आपणांस सोडले

हा धंदा बुडाला तो एका दिवसात नव्हे. पहिला घाव बैलगाडीने घातला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या दोन बैलांपेक्षा गाडीस जुंपलेले दोन बैल कितीतरी अधिक माल ओढतात. परंतु गाडीस सडक हवी, आणि घाटात सडक नव्हती, तोवर गोणीचा बैल निर्धास्त होता. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाची सडक चाकाच्या वाहनांस खुली झाली, आणि ती निर्धास्ती संपली.

दुसरा घाव आगगाडीने घातला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली, १८६५ मध्ये थळघाट चढून गेली, आणि १८६७ मध्ये ती नागपुरास पोहोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याची कामगिरी बैलांच्या हातून गेली ती कायमची.

या कापसाचा एक हिशेब वाचकांपुढे मांडणे अगत्याचे वाटते. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस प्रथमच थेट मुंबईस रवाना केला. तो १,२०,००० पौंड होता आणि तो वाहून नेण्यास ५०० बैल लागले. म्हणजे बैलामागे २४० पौंड. अमरावती ते मुंबई हे अंतर सुमारे ४०० मैलांचे. दिवसास सात मैलांच्या मजलीने त्यास जवळजवळ दोन महिने लागावेत. आज तोच भार, म्हणजे सुमारे ५४ टन, वजनाच्या हिशेबाने तीन दहाचाकी ट्रक वाहून नेतात, आणि दोन दिवसांत मुंबई गाठतात. ५०० बैलांवर किती कुटुंबांचा चरितार्थ चालला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तीन ट्रकांवर तीन चालक आणि फार तर तीन क्लीनर असतात. वाहतूक वाढली, वाहणारे घटले, हा या दोनशे वर्षांचा सारांश होय.

रेल्वेपाठोपाठ जंगलाचे कायदे आले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले झाली आणि बैल चारावयाच्या जागांवर बंधने पडली. त्याच्याही आधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. धंदा गेल्यामुळे जे भटकत राहिले, त्यांच्या भटकण्यासच गुन्हा ठरविण्यात आले, आणि निरनिराळ्या प्रांतांत आपल्या समाजाच्या गटांवर हा शिक्का बसला. तो पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. तोवर आपल्यापैकी बहुतेक जण शेतमजूर, खडी फोडणारे, लाकूडतोडे होऊन गेले होते. पुढे ऊसतोडणीची भर पडली. तात्पर्य, धंदा आपण सोडला नाही. धंद्याने आपणांस सोडले. आणि सोडताना कोणास विचारले नाही.

लॉरीचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरलेल्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि अनेकांनी त्या घेऊन मालवाहतुकीस आरंभ केला. १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीझ ट्रक तयार होऊ लागले. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवान्याची योजना सुरू झाली आणि एका राज्यातील ट्रक अनेक राज्यांतून विनासायास जाऊ लागला. या काळात पंजाबातील निर्वासितांनी, राजस्थान-हरियाणातील शेतकऱ्यांनी, दक्षिणेत नामक्कलच्या लोकांनी ट्रक विकत घेतले व ते मालक झाले. ज्यांचा हा पिढीजात धंदा, ते आपण मात्र त्या रांगेत फारसे दिसलो नाही. याचे कारण आमच्या मते अंगच्या गुणांत शोधू नये. ट्रकास भांडवल लागते, भांडवलास तारण लागते, तारणास जमीन लागते. आणि कालपरवापर्यंत पोलिस चौकीत हजेरी देणाऱ्यास तारणावाचून कर्ज कोण देणार? म्हणून आपण या धंद्यात शिरलो ते मालक म्हणून नव्हे, तर चालक म्हणून.

आमचे एक चुलते १९६८ पासून एकवीस वर्षे नागपूर-मुंबई या वाटेवर ट्रक चालवीत होते. त्यांची मिळकत तांड्यातील कोणाही मजुराहून अधिक होती. आमच्या तांड्यातील पहिले पक्के घर त्यांचे, आणि त्यांची तिन्ही मुले मॅट्रिकच्या पुढे गेली. ही एक बाजू होय. दुसरी बाजू अशी की, कसाऱ्याच्या घाटात बिघडलेल्या गाडीजवळ माल राखीत तीन रात्री बसलेले असता घरी त्यांचे वडील वारले, आणि त्यांस ते कळले बाराव्या दिवशी. पुढे पाठीच्या दुखण्याने ते बसू शकेनात आणि रात्रीचे दिसेनासे झाले, तेव्हा मालकाने दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून निरोप दिला. एकवीस वर्षांच्या नोकरीचा एक चिठोराही त्यांच्यापाशी नव्हता. मालकाचे नाव आम्ही येथे घेत नाही. त्या काळचे बहुतेक मालक असेच वागत, आणि त्यांनाही ते वावगे वाटत नसे.

वास्तविक कायदा होता. मोटार वाहतूक कामगारांसंबंधीचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्यान्वये दिवसास आठ व आठवड्यास ४८ तास, आणि लांब पल्ल्याच्या वाटेवर परवानगीने फार तर दहा व ५४ तास, अशी कामाची मर्यादा घालण्यात आली. तो कायदा पुढे २०२० च्या कामगारविषयक संहितेत विलीन करण्यात आला. परंतु पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासच तो लागू होता, आणि आपल्या देशातील बहुसंख्य ट्रकमालक चार-पाच गाड्यांचेच धनी. त्यामुळे ज्याच्यासाठी कायदा केला, त्यासच तो बहुधा भेटला नाही. पगारास खेपेची जोड असते. जितक्या खेपा, तितके पैसे. मग झोपेचे तास कोण मोजणार?

अलीकडे काही सुधारणा अवश्य झाल्या आहेत, आणि त्या न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले आणि तेथील रात्रीच्या रात्री वाचल्या. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पोहरादेवीच्या आपल्या वाशिम जिल्ह्यातूनच जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी, असा नियम झाला. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीजवळ बसून ज्यांनी नागपूर-हैदराबाद वाट काटली आहे, त्यांस याचे मोल विचारावे.

वारसा कोणता आणि चाकरी कोणती

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. लदेणी आणि ट्रक यांत माल हलतो, एवढेच काय ते साम्य. लदेणीत जनावर आपले होते. ट्रकात गाडी दुसऱ्याची. लदेणीत माल बहुधा आपला होता. ट्रकात माल तिसऱ्याच कोणाचा, आणि बिल्टीवर काय लिहिले आहे तेही चालकास पुष्कळदा ठाऊक नसते. लदेणीत भाव नाईक ठरवी. ट्रकात भाडे ट्रान्सपोर्टवाला ठरवितो आणि त्यातील वाटा मालक ठरवितो. लदेणीत कुटुंब बरोबर चाले. ट्रकात चालक एकटा, आणि घरची बाई तांड्यात एकटी. लदेणीत बैलामुळे माणसास विसावा होता. ट्रकात इंजिन थकत नाही, म्हणून माणसानेही थकू नये अशी अपेक्षा असते.

सेवालाल महाराजांनीही गुरांच्या तांड्यासह मजला मारल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या मजलांत स्वातंत्र्य होते. म्हणून "हे आपल्या रक्तातच आहे" हे आमचे वाक्य आम्ही येथे जाहीररीत्या मागे घेतो. रक्तात काही असलेच, तर ते धन्याचे धनीपण आहे, स्टिअरिंग नव्हे.

परंतु यावरून ट्रकचा पेशा त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ऊसतोडणीच्या कोयत्यापेक्षा, उचल घेऊन सहा महिने कुटुंबासह परमुलखात राबण्यापेक्षा, हा पेशा अनेकांस बरा वाटेल आणि तो तसा असूही शकेल. चालवणाऱ्याच्या हातात कसब असते, आणि कसबास सर्वत्र मागणी आहे. तो पिढीजात आहे म्हणून मात्र पत्करू नये. कोणतीही नोकरी पत्करताना जशी पारख करावी, तशी करून मगच पत्करावा. ती पारख कशी करावी, याविषयी आम्हांस सुचलेले पाच प्रश्न देत आहो.

पहिला प्रश्न शरीराचा. अवजड वाहनाचा परवाना वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष बाळगल्यानंतरच मिळतो. हे एक वर्ष वाया गेले असे मानू नये. तीच आपली परीक्षा समजावी. त्या काळात एखाद्या जाणत्या चालकाबरोबर क्लीनर म्हणून चार-सहा लांबच्या खेपा कराव्यात. सलग तीन रात्री तुकड्यातुकड्यांनी झोपून चौथ्या दिवशी चित्त थाऱ्यावर राहते काय, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात काय, हे तेव्हाच कळते. डोळ्यांची तपासणी परवान्याच्या कागदापुरती न करता खरोखर करावी. ज्यास झोप आवरत नाही, त्यात त्याचा काही दोष नाही. परंतु त्याने रात्रीची गाडी हाती घेऊ नये.

दुसरा प्रश्न घराचा. आई आणि बायको यांस विचारल्यावाचून हा निर्णय घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिन्यात किती दिवस घरी, याचा आकडा त्यांच्यापुढे ठेवावा, आणि त्यांचे 'हो' हे मनापासूनचे आहे की निरुपायाचे, हे ओळखावे. पूर्वी तांड्याचा निर्णय तांड्यात होत असे. आता तो मोबाईलवर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून येतो.

तिसरा प्रश्न कागदाचा. नेमणुकीचे पत्र मिळते काय? पगार बँकेत जमा होतो काय? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो काय? गाडीचा विमा, फिटनेस व परमिट चालू आहेत काय? टायर गुळगुळीत झाले असता 'एवढी एक खेप मार' असे मालक म्हणतो काय? यांतील निम्म्या प्रश्नांस जेथे उत्तर मिळत नाही, तेथे पगार कितीही मोठा सांगितला तरी उभे राहू नये.

चौथा प्रश्न संकटाचा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ज्याचा दिवस रस्त्यावर उगवतो व रस्त्यावरच मावळतो, त्याच्या वाट्यास हे संकट इतरांहून अधिक येणार, हे उघड आहे. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, तेव्हा पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या हे सर्वांस आठवत असेल. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता अमलात आली, तेव्हा ते कलम स्थगित ठेवण्यात आले. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा धरतो, हे चालकाचे म्हणणे खोटे नाही. तरीही रस्त्यात पडलेल्या माणसास टाकून निघून जाणे हे आपल्या संस्कारात बसत नाही. जमावाचे भय असल्यास जवळचे पोलिस ठाणे गाठावे, पण कळवावेच. ही तयारी मनाची नसेल, तर या वाटेस जाऊ नये.

पाचवा प्रश्न पुढच्या पायरीचा. पंचविसाव्या वर्षी जो चालक आहे, तो पंचेचाळिसाव्या वर्षी कोण असणार? आमचे चुलते पंचेचाळिसाव्या वर्षीही चालकच होते, आणि तेच त्यांचे खरे दुर्दैव. मालकीकडे नेणारी वाट नसेल, तर ही वाट अर्धीच आहे. मात्र घाईने स्वतःच्या नावावर ट्रक घेऊन पहिल्याच वर्षी हप्त्यांच्या फासात मान अडकविणे हेही तितकेच अविचाराचे. ज्याने पाच वर्षे दुसऱ्याच्या गाडीचा डिझेल, टायर, टोल आणि भाड्याचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहिला आहे, त्यानेच स्वतःच्या गाडीचा विचार करावा.

समाजाचे कर्तव्य

येथे प्रश्न केवळ तरुणांचा राहत नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेपुढे मोटार शिकणाऱ्यांस आर्थिक साहाय्य देण्याची सूचना यंदा आलेली आहे. आम्ही तिचे स्वागत करतो, परंतु एका दुरुस्तीसह. केवळ परवान्याची फी भरून मुलांस दुसऱ्याच्या गाडीवर धाडणे, म्हणजे ऊसतोडणीच्या उचलीचीच नवी आवृत्ती काढणे होय. चार अनुभवी चालकांनी मिळून दोन गाड्या घ्याव्यात, आळीपाळीने चालवाव्यात, म्हणजे दोघे वाटेवर असता दोघे घरी राहतील. हिशेब सर्वांपुढे व्हावा, आणि संस्थेने तारणास पाठबळ द्यावे. तांड्याची हीच रीत होती. नाईक, कारभारी आणि सामाईक जोखीम या गोष्टी आपणांस कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. तसेच ज्यास यंत्राची आवड आहे, पण परमुलखात राहणे मानवत नाही, त्याने आय. टी. आय. मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करावा, आणि संस्थेने त्यासही तेवढेच साहाय्य द्यावे. वाहतुकीत राहण्यासाठी प्रत्येकाने स्टिअरिंगच धरले पाहिजे असे नाही.

आणखी एक धोका इतिहास आपणांस दाखवितो. रेल्वे आली तेव्हा आपण बैलांवरच विसंबून राहिलो. मालगाड्यांसाठी स्वतंत्र लोहमार्ग उभारले गेले आहेत, आणि चालकावाचून चालणाऱ्या गाड्यांचे प्रयोग परदेशांत चालू आहेत. हा पेशा उद्याच बुडेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजाने एकदा धंदा हातातून जाताना पाहिला आहे, त्याने घरातील सर्व मुले एकाच धंद्यास लावू नयेत, एवढे शहाणपण त्या अनुभवातून यावयास हवे. तांड्यातूनच गेलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ते ज्या वाटेने गेले ती शाळेची होती, आणि ती वाट आजही मोकळी आहे.

त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे विचारणारे वाचक असतीलच. त्या पहाटे त्याने आम्हांस सल्ला मागितला. आम्ही वरील पाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवले आणि, एकदा पोळल्यामुळे, उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी तो परत आला. ट्रक सोडावयाचा नाही, परंतु लांब पल्ला सोडावयाचा, असे त्याने ठरविले होते. त्याच्या आईचे 'हो' तेवढ्यापुरतेच होते. आज तो विदर्भातच सिमेंटची गाडी चालवितो, तिसऱ्या दिवशी घरी येतो, आणि पदवीची राहिलेली परीक्षा बाहेरून देत आहे. कर्जाचे काही हप्ते अद्याप शिल्लक आहेत. त्याच्या केबिनमध्ये एक वही असते, आणि तीत डिझेलचा व टायरचा हिशेब असतो. तो हिशेब कशासाठी, हे आम्ही त्यास विचारलेले नाही; विचारण्याची आवश्यकताही वाटत नाही.

समाजबांधवहो, पूर्वजांचा इतिहास मुलांस अवश्य सांगावा. परंतु सांगताना तो पुरता सांगावा. बैल किती होते एवढेच सांगून थांबू नये. ते कोणाचे होते, हेही सांगावे.